वाचकांचे प्रश्न : अॅमेझॉन स्त्रियांची टोळी

प्रश्न : ग्रीक पुराणकथांतील अॅमेझॉन या लढवय्या स्त्रियांचे वर्णन वाचताना मच्छिंद्रनाथांच्या कथेतील स्त्रीराज्य आठवले. या टोळीत पुरुष नव्हतेच काय? मग वंश कसा चालत असे? धनुष्य ओढताना अडथळा नको म्हणून त्या उजवा स्तन काढून टाकत, हे खरे आहे का? आणि अशी टोळी खरोखर होती काय?

उत्तर : स्तनाचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यात सर्वांत कमी तथ्य आहे. ग्रीक भाषेत ‘माझोस’ म्हणजे स्तन आणि आरंभीचा ‘अ’ नकारार्थी, अशी नावाची फोड करून ‘स्तनहीन’ हा अर्थ काढला गेला आणि मग त्या अर्थाला साजेशी चाल या स्त्रियांच्या माथी मारली गेली. ग्रीक चित्रकारांनी मात्र भांड्यांवर ज्या असंख्य अॅमेझॉन रंगवल्या, त्या अव्यंग शरीराच्याच आहेत. धनुष्य ओढण्यास या अवयवाची अडचण होत नाही, हे कोणतीही तिरंदाज स्त्री सांगेल.

वंशाबद्दल ग्रीक लेखकांचे एकमत नाही. अॅमेझॉनचे मूळ स्थान बहुतेक जण काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, थर्मोडॉन नदीकाठच्या थेमिस्किरा येथे, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानात मानतात. भूगोलकार स्ट्रेबो त्यांना कॉकेशस पर्वताच्या परिसरात नेतो आणि ऐकीव माहिती म्हणून सांगतो, की वसंत ऋतूत दोन महिने त्या सीमेवरच्या डोंगरावर जात, शेजारच्या गार्गारियन पुरुषांशी अंधारात समागम करीत, मुली झाल्या तर स्वतःजवळ ठेवीत आणि मुलगे पुरुषांकडे पोचवीत. कोणाचा मुलगा कोणता हे ठाऊक नसल्याने प्रत्येक पुरुष मिळालेला मुलगा आपला समजून वाढवीत असे. इतिहासकार डायोडोरसच्या वर्णनात राणी स्त्रियांना युद्धावर नेते आणि पुरुषांना सूत कातायला बसवते. घरातल्या मागावर बसलेली स्त्री हेच ज्या समाजात कुलीनतेचे लक्षण होते, त्या समाजाने आपलेच घर पालथे करून पाहिले की असे चित्र दिसते; त्यात टोळीपेक्षा ग्रीकच जास्त आहेत, असे माझे मत आहे. पुरुषांविना स्त्रियांचे सैन्य किंवा नगर उभे राहील यावर विश्वास कोण ठेवील, असे स्वतः स्ट्रेबोही विचारतो.

इसवी सनापूर्वी ५व्या शतकातल्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराची गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. थर्मोडॉनच्या लढाईनंतर ग्रीकांनी तीन जहाजे भरून कैदी अॅमेझॉन नेल्या. त्यांनी वाटेत खलाशांसह सर्व पुरुष कापले, पण सुकाणू-शीड सांभाळता येत नसल्याने जहाजे भरकटत आजच्या अझोव समुद्राच्या काठाला, सिथियन या भटक्या घोडेस्वार लोकांच्या मुलखात लागली. उतरताच त्यांनी पहिला सापडलेला घोड्यांचा कळप ताब्यात घेतला. हे लढवय्ये पुरुष नसून स्त्रिया आहेत, हे सिथियनांना प्रेते पाहिल्यावर कळले. मग त्यांनी तितकेच तरुण पाठवून, लढू नका, फक्त जवळ तळ ठोका, अशी ताकीद दिली. दुपारी स्त्रिया एकेकट्या किंवा दोघीदोघी पांगत, तेव्हा एक तरुण एकीजवळ गेला. तिने त्याला झिडकारले नाही. भाषा येत नव्हती म्हणून हातांनी खूण केली, की उद्या याच जागी ये, एकाला बरोबर आण, मीही एकीला आणीन.

लग्ने जमली, पण सासरी जायला या स्त्रिया तयार होईनात. आम्ही धनुष्य चालवतो, भाले फेकतो, घोड्यावर बसतो; तुमच्याकडच्या बायका गाड्यांतच बसून बायकांची कामे करतात, तेव्हा त्यांच्याशी आमचे जमणार नाही, असे सांगून त्यांनी नवऱ्यांना आईबापांकडून मालमत्तेतला आपला वाटा मागून आणायला लावला आणि सगळे डॉन नदीच्या पलीकडे गेले. त्यांचेच वंशज म्हणजे सॉरोमाटी लोक. शत्रूचा एक पुरुष मारल्याशिवाय त्यांच्यातली मुलगी लग्न करीत नसे आणि काही जणी त्यामुळे अविवाहितच म्हाताऱ्या होत. हे लोक सिथियन भाषा अशुद्ध बोलतात, कारण त्यांच्या आद्य मातांना ती नीट आलीच नाही, असेही हिरोडोटस नोंदवतो. भाषेचा हा तपशील मला फार विश्वसनीय वाटतो. निव्वळ कल्पनेने लिहिणाऱ्याला तो सुचला नसता.

केवळ स्त्रियांची टोळी असल्याचा पुरावा नाही. पण डॉन आणि उरल नद्यांच्या गवताळ प्रदेशातील दफनटेकड्यांत, हाडांवरून स्त्रियांचे ठरलेले आणि शस्त्रांसह पुरलेले अनेक सांगाडे सापडले आहेत. २०१९ मध्ये रशियातील व्होरोनेझ प्रांतात देवित्सा गावाजवळ इसवी सनापूर्वी ४थ्या शतकातील एका दफनात चार जणी मिळाल्या. सर्वांत लहान १२-१३ वर्षांची होती, तर सर्वांत मोठी ४५ ते ५० वर्षांची असून तिच्या डोक्यावर सोन्याचा शिरोभूषणपट होता. त्याच दफनात लोखंडी बाणाग्रे आणि घोड्याच्या साजाचे तुकडे होते. एका तरुणीला घोड्यावर मांड ठोकल्यासारखे पाय ठेवून पुरले होते. तिच्याजवळ दोन भाले आणि ब्राँझचा एक आरसा होता.