एडिसनचं घर विकून अ‍ॅबिंगडनला जावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये २७ वर्षं काढलीत. येत्या एप्रिलमध्ये तुम्हाला ६३ पूर्ण होतील, वहिनी ६१ च्या आहेत. घरावर कर्ज नाही, साडेसहा लाख डॉलर येतील असा अंदाज. ४०१ के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यात, पावणेआठ लाख आहेत. एप्रिलमध्ये नोकरी सोडायची, घर विकायचं आणि व्हर्जिनियातल्या अ‍ॅबिंगडनला सव्वातीन लाखांचं घर घ्यायचं, हा बेत. ‘घरपट्टी १२,४०० वरून ३,००० च्या आत येईल, इन्कम टॅक्सही वाचेल,’ असं तुम्ही लिहिलंय. पत्राच्या शेवटी वहिनींच्या अक्षरात एकच ओळ आहे : ‘यांना काही झालं तर मी तिथे एकटी काय करू?’

आधी गावाबद्दल, कारण तुमची निवड मला मनापासून आवडली. एका ऑक्टोबरमध्ये मी तिथे चार दिवस होतो. जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव, पण १९३३ पासून व्यावसायिक नाटक कंपनी चालवतंय. मंदीत रॉबर्ट पोर्टरफील्ड बेकार नटांना घेऊन गावी परतले आणि तिकीट ठेवलं ४० सेंट, नाहीतर तेवढ्याची भाजी, दूध, अंडी. म्हणून नाव बार्टर, म्हणजे वस्तुविनिमय, थिएटर. हॉलिवूडचा ग्रेगरी पेक तिथे उमेदवारी करून गेला. दुसऱ्या दिवशी क्रीपर ट्रेलवर सायकल काढली. रेल्वेचे रूळ उखडून केलेली वाट आहे ही. सुरुवातीलाच जुनं वाफेचं इंजिन उभं आहे. पुढच्या डमॅस्कस गावाच्या दिशेनं जाताना वाट लोकांच्या कुरणांतून जाते. उतरून फाटक उघडायचं, सायकल आत घ्यायची, फाटक पुन्हा लावायचं, आणि हे सगळं होईपर्यंत गाई रवंथ करत आपल्याकडे बघत असतात. लाकडी पुलावर चाक आलं की फळ्या खडखडतात. तो आवाज अजून कानात आहे. डमॅस्कसच्या वरचा, व्हाइटटॉपकडचा भाग मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुरात पुलांसकट वाहून गेला. तुम्हाला ‘ओढ्याकाठचं’ घर हवंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय. साध्या घरविम्यात पूर येत नाही, त्याची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. घर बघायच्या आधी पूररेषेचा नकाशा बघा.

आता तुमचा हिशेब. इन्कम टॅक्स वाचेल हे चूक आहे. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनावर, दोन्ही राज्यं कर लावत नाहीत. पण ६२ पूर्ण झालेल्या जोडप्याचं एकूण उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर न्यू जर्सी ४०१ के मधून काढलेले पैसेही करमुक्त धरते. तुम्ही वर्षाला ४०,००० काढणार, म्हणजे तिथे कर शून्य. व्हर्जिनियात त्याच पैशांवर ६५ पर्यंत हजाराच्या आत का होईना, पण कर लागेल. पुढे ६५ नंतरची सूट मिळाली की तोही जवळपास संपेल. शिवाय व्हर्जिनियात मोटारींवर दरवर्षी वेगळा कर असतो आणि तुमच्याकडे दोन गाड्या आहेत.

घरपट्टीचा फरक खरा आहे. पण तुम्ही ६५ चे झालात की न्यू जर्सीच्या ‘स्टे एनजे’ योजनेत बसता. मूळ कायद्याप्रमाणे निम्मी घरपट्टी परत, कमाल ६,५०० डॉलर. पैसा दरवर्षीच्या बजेटवर अवलंबून, त्यामुळे त्यावर डोळे झाकून विसंबू नका. पण ती पूर्ण मिळाली तर तुमच्या खिशातून जाणार ६,२०० आणि अ‍ॅबिंगडनला ३,०००. फरक उरला साडेतीन हजारांच्या आत. मुलाकडे येण्याजाण्यात आणि पुण्याला आईंकडे जायच्या जादा विमानात तो सहज संपेल. ट्राय-सिटीजच्या छोट्या विमानतळावरून आधी शार्लट किंवा अटलांटा गाठावं लागतं. नेवार्कचा विमानतळ तुम्हाला घराच्या अंगणात असल्यासारखा आहे. कर वाचवायला अ‍ॅबिंगडनला जाऊ नका. नाटकासाठी, डोंगरासाठी जा. त्यासाठी पैसे खर्च करणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

खरा फायदा आहे तो भांडवलात. घर विकून, दलाली आणि खर्च वजा जाता, नवं घर घेतल्यावर पावणेतीन ते तीन लाख हातात उरतील. त्यातून तुम्ही पुण्यात फ्लॅट घ्यायचं म्हणताय. इथे मी तुम्हाला हात जोडून थांबवतो. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ते तीन लाख. उद्या दोघांतलं एक उरलं, गाडी चालवणं बंद झालं, तर अ‍ॅबिंगडनमध्ये एकट्यानं राहणं अवघड आहे. मुलाजवळ परत यावं लागेल, आणि तेव्हा अ‍ॅबिंगडनचं घर विकून मध्य जर्सीत साधा वन-बेडरूम घेतानाही ओढाताण होईल. हे पैसे परतीचे आहेत. वेगळ्या खात्यात, वहिनींच्याही नावावर, ट्रेझरी बाँड आणि मुदत ठेवींत राहू देत. पुण्याचा फ्लॅट विसरा. आईंकडे राहायला घर आहेच.

मी तुमच्या जागी असतो तर एप्रिलमध्ये काहीच विकलं नसतं. सहा महिने आणखी नोकरी करा. ऑक्टोबरअखेर सुटलात की कोब्राचे, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच आरोग्यविमा चालू ठेवायच्या सोयीचे, १८ महिने तुम्हाला थेट ६५ ला, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या दारात नेऊन सोडतात. एप्रिलमध्ये सुटलात तर मधले सहा महिने उघडे पडतात. कोब्राचा हप्ता जड असतो, कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. आणि त्या विम्याचं नेटवर्क व्हर्जिनियात चालतं का, हे एचआरकडून लेखी घ्या. वहिनींना त्यापुढे दोन वर्षं मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतः विकत घ्यायचा, आरोग्यविमा लागेल, तो खर्च तुमच्या तक्त्यात नाहीच. सोशल सिक्युरिटी ६७ च्या आधी उचलू नका.

ते दीड वर्ष एडिसनचं घर भाड्यानं द्या आणि अ‍ॅबिंगडनला स्वतः भाड्यानं राहून बघा. महिना ३,५०० धरले तर घरपट्टी, विमा, दुरुस्ती जाऊन वर्षाला तेवीस-चोवीस हजार उरतील. अ‍ॅबिंगडनला १,६०० चं भाडं त्यात निघतं. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलेले असलात, तर जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा संघीय करातून माफ असतो. तुमचा नफा सव्वाचार लाखांचा. भाड्याच्या काळातला घसारा तेवढा करपात्र होईल, रक्कम मोठी नाही. तीन वर्षांच्या आत विकलंत तर माफी शाबूत राहते.

अ‍ॅबिंगडनचा भाडेकरार नोव्हेंबरपासून करा, मे-जूनपासून नको. उन्हाळ्यात ते गाव कुणालाही आवडेल. जानेवारीतल्या एका आठवड्यात तुम्ही मुलाकडे या आणि वहिनींना तिथे एकट्या राहू द्या. जॉन्स्टन मेमोरियल हॉस्पिटलपर्यंत, विमानतळापर्यंत, किराण्यापर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवावी. ओक ट्री रोडची देशी दुकानं नाहीत, भजनाचा ग्रुप नाही, चार वाजल्यापासून ऊन कलायला लागतं. त्या आठवड्याबद्दल त्यांनी मला स्वतः लिहावं. विक्रीचं त्या पत्रानंतर बोलू.