शेवीला पाच गियर बसवायचेत? मग मागच्या ॲक्सलपासून सुरुवात करा

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडं १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप आहे, आजोबांनी घेतलेली, तेव्हा मिलमधून सुताचे गठ्ठे आणायला वापरायचे. इंजिन मूळचंच आहे, २१६ घनइंचाचं सहा सिलेंडर, मध्यंतरी पूर्ण उघडून काम केलंय, एकदम छान चालतं. पण गियर तीनच, ते पण स्टेअरिंगवर, पहिला गियर चालत्या गाडीत पडतच नाही, आणि तुळजापूरला नाहीतर पुण्याकडं निघालो की ७० च्या वर इंजिन नुसतं ओरडतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला ओळखीचा टर्नर म्हणतोय ॲडॉप्टर प्लेट (इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा बॉक्स जोडणारी मधली प्लेट) करून देतो, आणि भंगारात क्वालिसचा पाच गियरचा बॉक्स बघून ठेवलाय. बसेल का? अजून काय काय बदलावं लागेल?
— एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : बसेल. पण पैसे द्यायच्या आधी एकदा गाडीखाली झोपा आणि मागून पुढं बघत या, कारण ह्या कामात गियरबॉक्स हा सोपा भाग आहे, खरी अडचण त्याच्या मागं आहे.

तुमच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट उघडा दिसणारच नाही. तो एका जाड नळीच्या आत फिरतो, ती नळी मागं डिफरन्शियलला बोल्टनी घट्ट बसवलेली आणि पुढं गियरबॉक्सच्या शेपटीला गोल बॉल जॉइंटमध्ये अडकलेली, हिला टॉर्क ट्यूब म्हणतात. गाडी ओढ घेते तेव्हा मागचा ॲक्सल उलटा पिळायला बघतो, त्याचं नाक वर उचलतं, ते धरून ठेवायचं काम ही नळी करते. म्हणजे ती नुसतं शाफ्टचं झाकण नाही, ॲक्सलचा आधार आहे. शेवीनं अर्ध्या टनाच्या पिकअपला १९५४ पर्यंत हेच ठेवलं आणि १९५५ पासून उघडा शाफ्ट दिला. आता क्वालिसचा म्हणा किंवा दुसरा कुठलाही आजचा बॉक्स म्हणा, त्याच्या मागं ही नळी धरायला जागाच नसते, त्यामुळं गियरबॉक्स बदलला की ॲक्सल बदलणं आलंच, आणि ॲक्सल बदलला की ब्रेक, हँडब्रेकची केबल, चाकं, पाट्यांच्या गाद्या (ॲक्सलवर स्प्रिंगचे पाटे बसायच्या बैठका) सगळं ओळीनं येतं. टर्नरनं ॲडॉप्टर प्लेटचा भाव सांगितलाय, ह्या बाकीच्याचा कुणी सांगितलेला नाही, म्हणून आधी हे लिहितोय.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की तुमची मुख्य तक्रार ७० च्या वर ओरडण्याची असेल तर गियरबॉक्सला हातच लावू नका, क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, बदला. तुमच्या गाडीत ४.११ चं प्रमाण आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे. ६.००-१६ च्या टायरवर ८० च्या स्पीडला इंजिन साधारण २४५० आरपीएमवर जातं. ३.५५ चा क्राउन-पिनियन सेट ह्याच टॉर्क ट्यूबच्या ॲक्सलसाठी अमेरिकेत नवा बनतो, तो टाकला की तेच ८० जवळजवळ २१२० वर येतात. ऐकायला फरक थोडा वाटेल पण २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा बॅबिटच्या (मऊ पांढऱ्या धातूच्या) ओतलेल्या आहेत आणि त्यांना ऑईल डिपरनी, म्हणजे रॉडच्या खालच्या पळीनं, उडवून मिळतं, आजच्या इंजिनासारखं पूर्ण प्रेशरनं नाही, अशा इंजिनाला तीनशे-साडेतीनशे आरपीएम कमी मिळाले तर ते किती जास्त वर्षं टिकेल विचार करा. गाडी बाहेरून, खालून, सगळी मूळची राहते. तुळजापूरच्या घाटात थोडं लवकर दुसऱ्यात यावं लागेल, रिकाम्या गाडीला तेवढं चालतंय. पहिल्या गियरला सिंक्रो (चालत्या गाडीत गियरचा वेग जुळवून देणाऱ्या रिंगा) नाहीच, तो मूळ रचनेतच नाही, तेव्हा पहिला थांबून टाकायचा किंवा डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला थांबून दोनदा क्लच दाबणं) शिकायचा, आठवड्यात हात बसतो. मला विचाराल तर घरच्या, कधीमधी बाहेर काढायच्या गाडीला हाच रस्ता योग्य.

तरीपण पाच गियरच पाहिजेत असतील, रोज वापरायची असेल, तर मग पूर्ण करा, अर्धवट नको.

बॉक्स निवडताना पाच गियर आहेत एवढंच बघू नका, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर, बघा. जुनं इंजिन हळू फिरतं म्हणून ते नाजूक असेल असं लोकांना वाटतं, पण २१६ चा कंपनीचा टॉर्क २३० न्यूटन मीटरच्या पुढं आहे, तो पण हजार आरपीएमपासून. जुना ग्रॉस (नुसतं इंजिन बाहेर ठेवून मोजलेला) आकडा आहे म्हणून थोडा कमी धरा, तरी क्वालिसच्या डिझेल इंजिनाचा दीडशेच्या आसपास होता आणि बॉक्स त्या हिशोबाचा आहे. त्यामुळं तुम्ही बघून ठेवलेला नग मी घेणार नाही. स्कॉर्पिओच्या सुरुवातीच्या २.२ एमहॉक इंजिनाचा टॉर्क २९० होता, त्याच्या मागचा बॉक्स ह्या इंजिनाला आरामात पुरतो. अजून एक बघायचं, बॉक्सचं बेलहाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कव्हर) केसपासून वेगळं निघतं का. निघत असेल तर ते बाजूला ठेवून शेवीचं मूळ बेलहाउसिंग वापरता येतं आणि त्याचा फायदा मोठा आहे, कारण क्लचच्या पेडलची सगळी लिंकेज आणि इंजिनाचं मागचं फाउंडेशन त्या बेलहाउसिंगवरच आहे. निघत नसेल तर काम दुप्पट.

पाचव्याचं प्रमाण कुणाच्या सांगण्यावर घेऊ नका, तिथं भंगारातच मोजा. बॉक्स खाली ठेवायचा, पुढच्या शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर खडूनं एकेक रेघ, पाचव्यात टाकायचा आणि पुढचा शाफ्ट हातानं बरोबर दहा फेरे फिरवायचा. मागचा साडेबारा फिरला तर प्रमाण ०.८. फिरवताना कुठं खरखर लागते, कुठं अडकतं ते पण हाताला तिथंच कळतं. मग ॲक्सलचं प्रमाण ४ च्या आसपासचं ठेवा, म्हणजे पाचव्यात ८० ला इंजिन १९०० ते २००० मध्ये राहील, आणि हे इंजिन त्याच पट्ट्यात सगळ्यात छान ओढतं. ॲक्सल पण उंच प्रमाणाचा, म्हणजे ३.५५ सारख्या लहान आकड्याचा, घेतला तर पाचवा गियर फक्त उतारालाच कामाला येईल.

आता टर्नरचं काम. प्लेट जाडजूड आणि चकचकीत झाली म्हणजे झालं असं नसतं. गियरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि क्रँकचं सेंटर एका रेषेत पाहिजे, नाहीतर पायलट बुश (क्रँकच्या टोकातला, ह्या शाफ्टचं टोक धरणारा) झिजतो, क्लच ओढतो, मग गियर आपोआप सुटायला लागतात आणि दोष बॉक्सला लागतो. बेलहाउसिंग इंजिनावर आवळा, प्लेट लावा, फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड ठेवून डायल गेजचं टोक प्लेटच्या मधल्या बोअरच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. काटा सगळा मिळून १० थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हलला पाहिजे, म्हणजे सेंटर ५ थाउच्या आत आहे. तेवढं आल्यावरच डॉवेल पिनांची (जागा पक्की करणाऱ्या घट्ट खुंट्यांची) भोकं मारायची, आधी नाही, कारण बोल्ट फक्त आवळतात, जागा डॉवेल धरतात. सोलापुरात कॅमशाफ्ट बनतात आणि परदेशात जातात, इतक्या बारकाईचं काम करणारी माणसं आपल्या गावात आहेत, फक्त काम देताना नुसतं "प्लेट करून द्या" म्हणू नका, डायलचा हा आकडा सांगा आणि तुमच्यासमोर दाखवायला लावा.

प्लेटची जाडी पण अंदाजानं नको. शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे पण क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. बुश नव्यानं गनमेटलचा करून घ्या. क्लचला प्रेशर प्लेट शेवीचीच, आणि क्लच प्लेटला मधला हब नव्या बॉक्सच्या स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या उभ्या खाचांना बसणारा) लावून घ्यायचा, क्लच प्लेट रिपेअर करणारे हे करतात.

नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब आणि जड, त्याला मागून आडव्या मेंबरचा आणि रबराचा आधार द्या, नुसता बेलहाउसिंगवर टांगता ठेवलात तर केस तडकेल. हा मेंबर चेसीला वेल्डिंग करू नका, बोल्टनी बसवा. गियरची काठी सीटच्या पुढं येते की सीटखाली जाते ते बॉक्स ठेवून बघितल्याशिवाय जमिनीचा पत्रा कापायचा नाही.

ॲक्सलसाठी बोलेरोचा बरेच जण सुचवतील, पाट्यांवरचा आहे, मजबूत आहे, ते बरोबरच. पण त्याच्या चाकाला ५ बोल्ट आहेत, तुमच्या शेवीला ६, आणि दोन्हींचं वर्तुळ मात्र सारखंच, १३९.७ मिमी. मग कुणीतरी म्हणणारच, वर्तुळ तेच आहे ना, मग हबला अजून ६ भोकं पाडू. ते करू नका. कसंही फिरवून बसवलं तरी एखादं नवं भोक जुन्यापासून फार तर ७ मिलीमीटरवर येतं, म्हणजे एकमेकाला खातातच, आणि चाक तेवढ्या धातूवर राहील. पुढं ६ आणि मागं ५ ठेवून दोन स्टेपन्या बाळगा, किंवा इसुझू डी-मॅक्ससारख्या ६ बोल्ट १३९.७ वाल्या पिकअपचा ॲक्सल शोधा, रुंदी मात्र आधी मोजा.

शेवटी शाफ्ट. गियरबॉक्सच्या शेपटीचा कोन आणि पिनियनचा कोन एकमेकाला समांतर पाहिजेत, फरक एका अंशाच्या आत, आणि हे गाडी चारी चाकांवर उभी असताना मोजायचं, जॅकवर नाही. पाट्यांच्या गाद्या तोपर्यंत वेल्डिंगच्या नुसत्या दोन-चार टाक्यांवर ठेवा, मग पक्कं वेल्डिंग. शाफ्ट बॅलन्स करून घ्या. आणि पाच गियर झाले म्हणून १०० नं पळवू नका, पुढचे ब्रेक अजून १९५१ चेच आहेत.

प्रश्न : असा बदल केल्यावर व्हिंटेज म्हणून नोंदणी होते का? आरटीओत काही अडचण?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, पुढं नूतनीकरणाला ५,०००. पण एक गोष्ट लोक विसरतात, ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मोठा बदल नको असलेल्या भागांत गियरबॉक्सचं नाव नाही, चेसीचं आहे, वर बोल्टचा आग्रह धरला तो ह्यासाठीच. साध्या नोंदणीवर चालवत असाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरसीवरच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होता कामा नये. पिकअप मालवाहतुकीत नोंदलेली असेल तर काम सुरू करण्याआधीच एमएच १३ च्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा. आणि काढलेला जुना बॉक्स, टॉर्क ट्यूब, ॲक्सल, एक नट पण विकू नका, ग्रीस लावून ठेवा. उद्या परत मूळ करायची वेळ आली तर हे सामान बाजारात मिळणार नाही. शेवरोले ज्यांची त्या जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ ला सुरू झालेला, तो १९५४ लाच बंद झाला.

प्रश्न : माझ्याकडं पण त्याच काळातली शेवी आहे, गियरबॉक्स मूळचाच. बॉक्समधलं ऑईल सारखं कमी होतंय पण खाली एक ठिपका नाही, आणि मागच्या चाकातून मात्र ऑईल यायला लागलंय. मिस्त्री म्हणतात दोन वेगळे बिघाड आहेत.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : एकच बिघाड आहे. टॉर्क ट्यूबच्या पुढच्या टोकाला शाफ्टचा बुश आणि सील असतं, ते गेलं की गियरबॉक्सचं ऑईल नळीच्या आतून सरळ डिफरन्शियलमध्ये उतरतं, तिथं लेव्हल वाढते आणि चाकाच्या सीलमधून बाहेर पडतं. पक्कं करायचं तर नळी उतरवून बुश आणि सील दोन्ही बदला, नुसतं चाकाचं सील बदललं तर परत येणार. दोन्हीकडचं ऑईल काढून टाका, मिसळलेलं आहे. गियरबॉक्सला जीएल-४ ग्रेडचं गियर ऑईल भरा, जीएल-५ सिंक्रोच्या पितळी रिंगांना चांगलं नाही, मागच्या हायपॉइड क्राउनला मात्र जीएल-५ चालतं. ब्रेकचे लायनर ऑईलनं भिजले असतील तर पेट्रोलनं धुऊन परत लावू नका, नवेच टाका, दोन्ही चाकांना एकदम.