आधी वाचणारे जमवा, लिहिणारे मागोमाग येतील

गोव्यातील मराठी वाचक आणि नव्याने लिहू लागलेली मंडळी यांच्यासाठी ऑनलाइन समूह काढायचा आहे, तो काही महिन्यांत ओस पडू नये म्हणून आरंभीच काय करावे, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर कदाचित उलट्या दिशेचे वाटेल: लेखक जमवण्याच्या मागे लागू नका. लिहिलेले कुणाला तरी दाखवावे ही ओढ प्रत्येक लिहिणाऱ्याला असतेच, त्यामुळे लेखक न बोलावताही येतात. दुर्मीळ असतो तो दुसऱ्याची आठ पानांची कथा शेवटपर्यंत वाचून तिच्याविषयी चार विचारपूर्वक वाक्ये लिहिणारा माणूस. अशी दहा-बारा माणसे हाताशी आल्याखेरीज समूहाची घोषणा करू नये. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि अशाच एका लहान समूहाच्या व्यवस्थेत माझा सहभाग आहे. पुढचे बरेचसे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

समूह भांडणाने मोडतात असा समज आहे, पण मी पाहिलेले बहुतेक समूह लेखनाला उत्तर न मिळाल्यामुळे मोडले. पहिल्या आठवड्यात सगळेच आपापल्या कविता टाकतात, प्रत्येक कवितेखाली अंगठे आणि ‘अप्रतिम’ उमटतात. ज्याने खरोखर मेहनत घेऊन कथा लिहिली त्याला मात्र तेवढेही मिळत नाही, कारण कथा वाचायला पंधरा मिनिटे लागतात आणि अंगठा उमटवायला क्षणही पुरतो. तो माणूस पुन्हा काही पाठवत नाही. मग चारोळ्या, सुप्रभातची चित्रे आणि इकडून तिकडे पाठवलेले सुविचार एवढेच उरते.

म्हणून किती लेखन घ्यायचे हे वाचकांच्या सवडीवर ठरवावे. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ माणसे मावतात, पण आपल्या कामाला वीस-पंचवीस पुष्कळ झाली. आठवड्याला एकच लेखन घ्यावे, पाळी आधीच लावून द्यावी, आणि ज्याला आपले लेखन द्यायचे आहे त्याने त्यापूर्वी इतर दोघांच्या लेखनावर सविस्तर अभिप्राय दिलेला असावा, एवढा एक नियम कुणाचीही भीड न धरता पाळावा. प्रतिष्ठित माणसाला यातून सूट दिली की नियम संपला. गोवा लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि माजी मुख्याध्यापकांच्या कवितेवर त्यांच्याच विद्यार्थ्याने स्पष्ट लिहिणे आपल्याकडे सोपे नसते. त्यावर आमच्याकडे चाललेला उपाय असा की पहिले काही आठवडे लेखन नावाविना वाचकांपुढे ठेवावे आणि सर्व अभिप्राय आल्यावरच लेखकाचे नाव सांगावे.

अभिप्राय कसा लिहावा हेही शिकवावे लागते. ‘भाषा ओघवती आहे’ यातून लेखकाला काहीच मिळत नाही. वाचताना लक्ष कुठे सुटले, कोणते पात्र कोण आहे हे कुठे कळेनासे झाले, कथा आपल्या मते कोणत्या परिच्छेदात सुरू होते, एवढे तीन प्रश्न वाचकापुढे ठेवले तर पहिल्यांदाच मत देणारी गृहिणीसुद्धा अनुभवी समीक्षकापेक्षा उपयोगी लिहून जाते. सगळ्यांचे अभिप्राय येईपर्यंत लेखकाने गप्प राहावे. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य पहिल्याच दिवशी आले की उरलेले वाचक संकोचतात, आणि लेखकाला नेमके जे कळायला हवे होते तेच दडून राहते.

गोव्यातील मराठी लेखकाची एक अडचण मात्र पुण्या-मुंबईच्या समूहांना सहसा उमगत नाही, आणि आपला समूह वेगळा काढण्याचे खरे कारण मला तीच वाटते. अनेकांच्या घरात, बाजारात, बसमध्ये कोकणी असते. मराठी त्यांना शाळेतून, वर्तमानपत्रातून, भजन-कीर्तनातून आणि गावच्या उत्सवातल्या नाटकातून मिळालेली असते. परिणामी निवेदन उत्तम उतरते, पण संवाद लिहिताना हात अडखळतो. सत्तरी तालुक्यातली आजी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्यासारखी बोलू लागली की ती लिहिणाऱ्यालाच परकी वाटते, आणि तिच्या तोंडी कोकणी घातली तर बाहेरच्या वाचकाला कळेल का, ही धास्ती त्याला असते. अशा वेळी संवाद कोकणीतच ठेवण्यास लेखकाला प्रोत्साहन द्यावे, आणि नागपूरचा किंवा साताऱ्याचा एखादा वाचक समूहात मुद्दाम ठेवून तो नेमका कुठे अडला एवढेच त्याच्याकडून विचारून घ्यावे. माझा अनुभव असा की तो आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच थोड्या ठिकाणी अडतो. चर्चेतही ज्याला कोकणीत लिहायचे त्याला ते करू द्यावे. प्रमाण मराठीच्या धाकाने चांगले वाचक गप्प बसतात.

भाषावादाला मात्र प्रवेश नसावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. त्यावर आजही तावातावाने बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांना वर्तमानपत्रांची पाने मोकळी आहेत. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, एवढे पूर्वज्ञान आपल्या समूहाला पुरेसे आहे.

साधनांविषयी फार काथ्याकूट नको. सूचना व्हॉट्सॲपवर आणि लेखन गूगल डॉक्सवर, ही विभागणी पुरते. गटातल्या संभाषणात टाकलेली कथा संध्याकाळपर्यंत वर सरकून दिसेनाशी होते, आणि डॉक्समध्ये वाक्यावर बोट ठेवून टिपण लिहिता येते. लेखन युनिकोडमध्येच मागवावे. ज्येष्ठांकडे जुन्या डीटीपी फाँटमधल्या फायली असतात आणि त्या दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांचा कचरा होऊन उघडतात. त्यांचे रूपांतर करून देणारा एखादा तरुण सदस्य समूहात असला तर त्याचे उपकार मानावेत.

दुसऱ्यांचे साहित्य वाटण्याबाबत मात्र पहिल्या दिवसापासून काटेकोर राहा. आपल्याकडे मूळ लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. बोरकरांचे निधन १९८४ चे, म्हणजे त्यांच्या कविता २०४४ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत; आस्वाद किंवा समीक्षा करताना काही ओळी उद्धृत करणे वेगळे आणि पुस्तकाची पाने मोबाइलने टिपून गटात टाकणे वेगळे. एकत्र वाचनासाठी निर्वेध साहित्य हवे असेल तर १९३१ मध्ये वारलेल्या दिवाकरांच्या नाट्यछटा, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडची छोटी नाट्यमय भाषणे, घ्याव्यात. त्या आटोपशीर असतात, त्यांतल्या बऱ्याच मराठी विकिस्रोतावर सापडाव्यात, आणि गावच्या जत्रेत नाटकात काम केलेला माणूस त्या ध्वनिमुद्रित करून पाठवतो तेव्हा, खरे सांगायचे तर, पुष्कळ व्यावसायिक ध्वनिपुस्तके फिकी पडतात.

सदस्यांचे स्वतःचे लेखन समूहाबाहेर जाऊ नये, हेही आरंभीच लिहून ठेवावे. दिवाळी अंक आणि स्पर्धा सहसा अप्रकाशित साहित्य मागतात, आणि एखाद्याने कौतुकाने पुढे पाठवलेली कथा फेसबुकवर फिरू लागली तर लेखकाची संधी जाते. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होत असल्यामुळे उन्हाळ्यातल्या पाळ्या त्यासाठी तयारी करणाऱ्यांना द्याव्यात.

प्रत्यक्ष भेट अधूनमधून हवीच, पण दर महिन्याचा अट्टहास नको. पेडणे आणि काणकोण ही राज्याची दोन टोके. संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर परतीची बस मिळत नाही म्हणून कितीतरी वाचक, विशेषतः स्त्रिया, पणजीतल्या साहित्यिक बैठकींना कधी येऊच शकल्या नाहीत. त्यांच्यासाठी ऑनलाइन समूह ही सोय आहे, आणि बैठकीची सक्ती करून ती काढून घेऊ नये. भेटायचेच तर रविवारी सकाळी भेटावे, आणि ठिकाण आलटून पालटून ठेवावे: एकदा पणजी, एकदा मडगाव, एकदा डिचोली.

व्यवस्था एकट्याने पाहू नये. तिघे असावेत: एक पाळ्या लावणारा, एक अभिप्राय आले की नाहीत हे पाहणारा आणि तिसरा नव्या सदस्यांशी फोनवर बोलून मगच त्यांना आत घेणारा. वर्षाने तिघेही बदलावेत. आणि सुरुवात चतुर्थीच्या तोंडावर करू नये. त्या दिवसांत माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट), पाहुणे आणि आरत्या यांपुढे गोव्यात कुणीही काही वाचत नाही. चतुर्थी आटोपल्यावर आठवडाभर जाऊ द्यावा आणि पहिल्या पाळीला सदस्याची कथा न घेता दिवाकरांची एखादी नाट्यछटा ठेवावी, म्हणजे हयात नसलेल्या लेखकावर सगळ्यांचा स्पष्ट बोलण्याचा सराव होईल.