मनातलं प्रेम त्याला कळायला नको का?

“मॅडम, माझी जीभ तिखट आहे, पण मनात तसं काही नसतं. जवळच्या माणसाला एवढंही कळू नये?”

समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला संसारात मुरलेल्या नवऱ्यांनी विचारलाय, सासूबाईंनी विचारलाय, मुलांशी अबोला धरलेल्या वडिलांनी विचारलाय. अलीकडे विशीतली मुलं तोच प्रश्न एका जपानी शब्दासकट घेऊन येतात. म्हणतात, “मी त्सुन्देरे आहे.”

ज्यांच्या घरात ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, चालत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रेमात पडणाऱ्या पात्रांचे काही ठरावीक स्वभाव ॲनिमेच्या चाहत्यांनी मानलेले आहेत. वरून फटकळ आणि आतून हळवी ती त्सुन्देरे. चेहऱ्यावर काहीच उमटू न देणारी ती कूदेरे. १९९५च्या ‘इव्हँजेलियन’मधली रेई अयानामी तशी, तर त्याच मालिकेतली असुका त्सुन्देरे. लाजरी, अबोल ती दान्देरे. आणि प्रेमापायी कुणाच्याही जिवावर उठणारी ती यान्देरे, ‘मिराई निक्की’मधल्या गासाई युनोसारखी. मुलगेही या साच्यांत बसवले जातात.

सावनी (नाव बदललं आहे) इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. निनादने, म्हणजे तिच्या मित्राने, “मी दमलोय गं” एवढंच म्हणून भेटणं थांबवलं होतं. ती रडत नव्हती, चिडलेली होती.

“त्याने वाढदिवसाला घड्याळ आणलं. मी म्हटलं, एवढे पैसे उधळायला कुणी सांगितलं होतं? पण मॅम, मी ते रात्री झोपतानासुद्धा काढलं नाही.”

“त्याला सांगितलंस हे?”

“सांगायचं काय त्यात? तैगा सांगते का कधी? तरी ऱ्यूजीला कळतंच ना!”

तैगा ही २००८-०९मध्ये आलेल्या ‘तोरादोरा’ या २५ भागांच्या मालिकेची नायिका. चणीने एवढीशी, पण शाळाभर तिचा दरारा. ऱ्यूजी तिच्या शेजारी राहणारा, नजरेने गुंड वाटणारा पण स्वयंपाकपाण्यात, साफसफाईत रमणारा मुलगा. कितामुरा या वर्गमित्रासाठी लिहिलेलं प्रेमपत्र तैगा चुकून ऱ्यूजीच्या दप्तरात ठेवते आणि ते परत मिळवायला रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात शिरते. पाकीट उघडलं तर आत पत्रच नसतं. सावनीला ही मालिका तोंडपाठ होती.

पालक मला सांगतात, “त्या कार्टूनचं खूळ डोक्यातून काढा.” मी तसं कधीच करत नाही. मुलं ज्या गोष्टीत जीव गुंतवतात तिथूनच त्यांच्या मनात शिरता येतं. म्हणून मी सावनीला ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचा प्रसंग सांगायला लावला. तैगा ऱ्यूजीला त्याला आवडणाऱ्या मिनोरीकडे, म्हणजे आपल्याच जिवलग मैत्रिणीकडे, पाठवून देते, तो गेल्यावर तिला उमगतं की आपलं प्रेम याच्यावरच आहे, आणि ती रस्त्यावर येऊन त्याचं नाव घेत हंबरडा फोडते. सांगता सांगता सावनीचे डोळे भरून आले.

मी विचारलं, “तेव्हा ऱ्यूजी कुठे असतो?”

“पुढे गेलेला असतो.”

“मग तिला रडताना कोण बघतं?”

“मिनोरी बघते. आणि...” ती थांबली. “आणि मी बघते.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं आणि ते मला आता जमतं. बऱ्याच वेळाने सावनी म्हणाली, “मॅम, निनादला फक्त टोमण्याचा सीन दिसला. घड्याळ घालून झोपले तो त्याला दिसलाच नाही.”

त्सुन्देरे पात्र आपल्याला आवडतं, कारण तिचं एकटीचं रडणं, लाजणं, तळमळणं कॅमेरा आपल्याला दाखवतो. तिच्या टोमण्याआड काय आहे ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. आपल्या माणसाला मात्र नुसता टोमणा ऐकू येतो. आपल्याकडे वडिलांना फणस म्हणून गौरवायची रीत आहे. ते गरे हाती लागेपर्यंत मुलांचे हात किती सोलवटतात ते माझ्या खोलीत रोज ऐकायला मिळतं.

माझं काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या अंगाने चालतं. एलिस यांचा आग्रह असे की जोखायची ती कृती, माणूस नव्हे. “मी त्सुन्देरे आहे” म्हटलं की विषयच संपतो, बदलायला काही उरत नाही. “मी काल त्याला तोडून बोलले” म्हटलं की आज वेगळं बोलता येतं. म्हणून मी सावनीला स्वभाव बदलायला सांगितलंच नाही. टोमणा गेलाच तर जाऊ दे, पण त्याच दिवशी, त्याच माणसाला खरं काय वाटलं ते एका सरळ वाक्यात सांगायचं. सुरुवात आईपासून केली. “भाजी खारट झालीये” म्हणून झाल्यावर तासाभराने ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, “तू दमून येऊनही केलीस, मला बरं वाटलं.” आई आधी घाबरलीच म्हणे.

मग तिने निनादला घड्याळाबद्दल लिहिलं. त्याचं उत्तर आलं, “आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मला वेळ हवाय.” ती पुन्हा उसळली: “आता तरी त्याने यायलाच हवं!” हा ‘च’ सोडवण्यात आमच्या पुढच्या भेटी गेल्या. त्याने यावं ही तिची इच्छा रास्त आहे. त्याने यायलाच हवं हा हट्ट. दोघं आता अधूनमधून बोलतात. पुढचं त्यांचं ते ठरवतील.

हीच गोष्ट उलट बाजूने घेऊन येणाऱ्या मुलांनाही सांगते. एखादी मुलगी तुम्हाला झिडकारत असेल तर ती ‘त्सुन्देरे’ आहे, आतून तिला आपण आवडतो, असा तर्क लावू नका. तिचा नकार हा नकारच समजा आणि मागे फिरा. जोडीदार तुमचा फोन तपासतो, मैत्रिणी तोडायला लावतो, “सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन” म्हणतो, तेव्हा त्याला यान्देरे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या धमकीची बातमी त्याच्या घरच्यांपर्यंत पोचवा, आणि स्वतः एकटीने त्याला भेटायला जाऊ नका.