अपयशानंतर बर्लिन: येण्याआधी एवढं वाच

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात दोनदा प्रवेश हुकला, पुण्यातल्या स्टुडिओतली नोकरी गेली. आता बर्लिनला येऊन स्वतंत्र चित्रकार म्हणून नव्याने सुरुवात करावी का, असं तू विचारलं आहेस. ताई म्हणून हाक मारलीस, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

ये, असंच माझं मत आहे. पण 'तिथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून बरं वाटेल' असं तू लिहिलंस, त्याबद्दल आधी बोलू. ते निम्मं खरं आहे. लग्नकार्यात 'सध्या काय चाललंय?' म्हणून गाठणारे काका इथे नसतात, आणि ते सुख मोठं आहे. पण गाव सोडलं की उधारी सुटते तशी जमाही बुडते. पुण्यात मला पहिलं काम एका दिवाळी अंकाने दिलं, कारण संपादक आमच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीचे होते. पुढे मुलांसाठी केलेलं माझं पहिलं पुस्तक एका प्रकाशकाने 'काळं फार आहे, मुलं घाबरतील' म्हणून परत केलं, तरी दिवाळी जवळ आली की त्या अंकाचा फोन यायचाच. बर्लिनमध्ये असा फोन करणारं कोणी नव्हतं. माझं अपयश इथे कोणाला माहीत नव्हतं, आणि माझी चित्रंही.

अशा वेळी हातात काम उरतं आणि ते करायला लागणारा वेळ. त्या वेळेचे पैसे कोण भरणार, यावर पुढचं बरंच ठरतं.

फ्रान्सिस न्यूटन सूझांचं बघ. गोव्यातल्या साळगावचे चित्रकार. 1945 मध्ये जे. जे.तून काढून टाकलं गेलं आणि शिक्षण अर्धवट राहिलं. दोन वर्षांनी रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलाकारांचा गट उभा केला. ज्या संस्थेने दार लावलं तिच्या शाबासकीची वाट बघण्याचं कारणच उरलं नव्हतं; त्यांच्या रेषेतली ती बेदरकार धार मला याच्याशी जोडलेली वाटते. 1949 मध्ये ते लंडनला गेले. त्यांची गोष्ट सांगणारे इथून थेट 1955 वर उडी मारतात: 'एन्काउंटर' मासिकातला आत्मकथनपर लेख, गॅलरी वनमधलं गाजलेलं प्रदर्शन. मधली वर्षं ओढाताणीची होती, आणि घराला आधार होता तो पत्नी मारिया यांच्या कमाईचा. रझा 1950 मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. सदानंद बाकरे 1951 मध्ये लंडनला गेले, दोन दशकांहून जास्त काळ राहिले आणि 1975 मध्ये कोकणात मुरुड-हर्णैला परतले. बाकऱ्यांची शिल्पं आणि चित्रं मला कुठेही उणी वाटत नाहीत, पण सूझा-रझांइतकं नाव त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यांची आठवण मी मुद्दाम काढते. परदेशी जाण्याचा हिशेब मांडताना त्यांचं आयुष्यही समोर ठेव.

आता तुझ्या वेळेचं. भारतीय पासपोर्टवर आधी मुंबईहून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटक म्हणून येऊन इथे अर्ज करू असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. स्वतंत्र व्यावसायिकांसाठी निवास कायद्याचं कलम 21, उपकलम 5 लागू होतं. पोर्टफोलिओ, उत्पन्नाचा अंदाज, आरोग्य विमा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इथल्या ग्राहकांची 'याला काम देण्याचा आमचा विचार आहे' अशी पत्रं लागतात. परवान्यावर जे काम लिहिलेलं असतं तेच करता येतं, म्हणजे हॉटेलात भांडी घासून वर्ष काढू हा हिशेब बसत नाही. शिल्लक घेऊनच ये.

आल्यावर पत्त्याची नोंद, मग कर कार्यालयाकडून क्रमांक, आणि लगेच केएसकेचा अर्ज. ही कलाकारांची सामाजिक विमा योजना, 1983 पासून चालू आहे. आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता आपण भरायचा. उरलेला निम्मा सरकार आणि कलाकारांकडून काम घेणाऱ्या कंपन्या मिळून भरतात. एरवी वर्षाला किमान 3,900 युरो उत्पन्नाची अट आहे, पण व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत ती लागू होत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने माझ्या कामावर किती परिणाम केला ते सांगून खरं वाटणार नाही. दवाखान्याची भीती गेली, तेव्हा मी मिळेल ते काम धरणं थांबवलं आणि ते परत आलेलं पुस्तक पुन्हा काढायला बसले. काळं कमी केलं नाही. पानांची चाल मात्र बदलली, कारण दूर आल्यावर दिसलं की मूल जिथे घाबरतं त्याच्या पुढच्याच पानावर त्याला आसरा हवा. प्रकाशकाचं निदान चुकलं असेल, पण दुखणं खरं होतं. पुण्यात असताना तो शेरा मला फक्त टोचत होता.

जे. जे.ची पदवी नाही याची चिंता सोड. मला भेटलेल्या इथल्या संपादकांनी पानं बघितली, पदवी विचारली नाही. मार्चमध्ये लाइपझिगचा पुस्तक मेळा असतो, दर दोन वर्षांनी एर्लांगनला कॉमिक्सचा; तिथे छोटे प्रकाशक टेबलापाशी स्वतः बसलेले असतात.

तू पाठवलेल्या पोर्टफोलिओत स्टुडिओची कामं भरपूर आहेत. जे. जे.साठी केलेली आणि नाकारली गेलेली एसटी स्टँडची चित्रं त्यात नाहीत. तीही मला पाठव. आणि ज्या प्रकाशकांना पत्रासाठी विचारणार आहेस त्यांची नावं काढ. मेलचा मसुदा जर्मनमध्ये कच्चा झाला तरी चालेल, मी तपासून देते.