कातरवेळेतली कातर

प्रश्न असा आला आहे: 'नव्या कथाकारांना हाताशी असावा म्हणून एक वर्णनकोश तयार करतो आहे. प्रहर, पाऊस, वास, आवाज, चेहरे, चाली अशी पानं केली आहेत. संध्याकाळच्या पानावर सायंकाळ, कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, गोधूली हे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत दिले तर चालेल का? आणि कातरवेळेचा नेमका अर्थ काय द्यावा?'

एका ओळीत अजिबात देऊ नका. असल्या ओळींनीच घात केला आहे. 'पहाटेची कातरवेळ' मी कानांनी ऐकली आहे. एका स्पर्धेच्या कथेत 'रात्री अकराच्या त्या कातरवेळी' वाचलं आहे. दिवाळी अंक उघडावा तर दोन माणसं गच्चीवर चहा प्यायला बसली की लगेच कातरवेळ. लिहिणाऱ्याला कोणीतरी यादी दिलेली असते, त्यातला सगळ्यात देखणा शब्द तो उचलतो. तो शब्द कुठल्या घटकेचा आणि कोणाच्या तोंडचा, हे यादीत लिहिलेलंच नसतं.

सायंकाळ सगळ्यांना येते, ती सोडतो. गोधूली खोडा. शब्द संस्कृत आहे, निर्दोष आहे, पण आपल्या पंचांगात आणि लग्नपत्रिकेत गोरज मुहूर्त असतो. अर्थ तोच, परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. धूळ आहे म्हणूनच ती श्रावणात उडत नाही! कोकणातल्या गावात गुरं गुडघाभर चिखलातून येत असताना 'गोरज वेळ झाली' असं लिहिणाऱ्याने शब्दाच्या आत डोकावलेलं नसतं. नोंदीत स्पष्ट लिहा: कोरड्या दिवसांतला, गुरांच्या वाटेवरचा शब्द.

तिन्हीसांज घरातली. त्रिकाळ संध्येतल्या तीन संध्या या शब्दात आल्या असाव्यात, पण घरोघरी तो दिवस मावळतानाच्या वेळेलाच चिकटला, आणि येताना सगळी बंधनं घेऊन आला. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये. 'भर तिन्हीसांजेचं रडू नकोस गं' या वाक्यात वेळ कमी आणि धाक जास्त आहे. 'करकरीत तिन्हीसांजा झाल्या, कुठे निघालीस?' हे आजीच्या तोंडी घातलं की आजी समोर उभी राहते. तेच निवेदकाच्या वाक्यात घातलं की पोशाखी वाटतं. दिवेलागण मात्र कामाची वेळ आहे. कोणीतरी उठून दिवा लावतं, म्हणून ती होते.

आता कातरवेळ. हिच्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं.

अधिकारवाणीने बोलणारी बरीच मंडळी सांगतात की संस्कृत कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. म्हणून मन व्याकूळ करणारी ती कातरवेळ. शाळेतही हेच सांगतात, भावगीतांच्या निवेदनातही हेच. ऐकायला गोड आहे, पण मला ते मुळीच पटत नाही.

संस्कृत 'कातर' तोंडातोंडी झिजत आला असता तर त्याचं काय झालं असतं, ते पाहा. दोन स्वरांमधला एकटा त प्राकृतात टिकत नाही. कातरचा झाला 'कायर', आणि हिंदीत भित्र्या माणसाला आजही कायरच म्हणतात. त्याच वाटेने आपला शब्द आला असता तर आज आपण कायरवेळ म्हणत असतो. टिकतो तो जोडाक्षरातला त. वर्तीची झाली वत्ती आणि वत्तीची वात, तीच दिवेलागणीला आपण पेटवतो ती. तशीच कर्तरीची झाली कत्तरी आणि कत्तरीची कातर. कातर म्हणजे कात्री. कातरणे, कातरकाम सगळं त्याच घरातलं. कातरवेळेतला त शाबूत आहे, कारण तो एकटा नव्हताच.

यावर उत्तर येतं की कातर हा शब्द पंडितांनी संस्कृतातून जसाच्या तसा उचलला असेल, 'कातर स्वर' आहेच की. आहे, पण कुठे आहे? पुस्तकात. संस्कृतातला कातर माणसाला लागतो, नजरेला लागतो, स्वराला लागतो. भ्यायला जीव असावा लागतो. वेळ कशाला भिईल? उलट मराठीची स्वतःची घडण बघा: सांजवेळ, पहाटवेळ, जेवणवेळ. वेळेच्या आधी नाम बसतं. कातर हे नाम धरलं की शब्द या रांगेत चपखल बसतो. दिवस हे एक पातं, रात्र हे दुसरं, आणि दोन्ही जिथे मिटत येतात ती कातरवेळ.

ज्योतिषाकडून यासाठी साक्षही मिळते. एखाद्या ग्रहाच्या मागच्या आणि पुढच्या स्थानात पापग्रह बसले की त्याला पापकर्तरी योग म्हणतात. दोन बाजूंनी कोंडी म्हणजे कर्तरी, ही कल्पना आपल्याकडे पंचांग हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. ती वेळेला लावली जाणं मला अगदी साहजिक वाटतं.

मग त्या वेळेची हुरहूर कुठून आली, असं विचाराल. तीही कात्रीतच आहे! नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या नृत्यावरच्या ग्रंथात कर्तरीमुख नावाची हस्तमुद्रा आहे, दोन बोटं कात्रीच्या पात्यांसारखी उघडलेली. तिचे उपयोग सांगताना पहिलाच सांगितला आहे तो स्त्री-पुरुषांच्या वियोगाचा. कात्री म्हणजे ताटातूट, हे नाचणाऱ्याला पहिल्या धड्यात शिकवत. व्याकुळता आणायला भित्र्या 'कातर'चे पाय धरायची गरजच नाही.

दोन वेगळ्या मुळांच्या शब्दांना एकच रूप देण्याचा हा खेळ मराठीने आणखी एकदा केला आहे. कापणे म्हणजे सुरीने कापणे, आणि कापणे म्हणजे थरथरणे. पहिला संस्कृत कल्प् पासून आला, दुसरा कम्प् पासून. पूर्वी दुसऱ्याच्या डोक्यावर अनुस्वार देत, कांपणें. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द डोळ्यांना एकच दिसू लागले. मुळं वेगळी, पण आज 'कापऱ्या आवाजात' आणि 'कातर आवाजात' ही दोन्ही विशेषणं वाचताना माझ्या कानाला पात्याचा स्पर्श होतो. ज्यांना तो होत नाही त्यांनी खुशाल भित्री वेळ म्हणावं. मी म्हणणार नाही.

आणि संध्या? संध्या म्हणजे सांधा, दिवस आणि रात्र जिथे जोडले जातात ती जागा. तिचीच संझा झाली आणि संझेची सांज. संस्कृताने ज्या घटकेला जोड म्हटलं, त्याच घटकेला मराठीने काप म्हटलं. तुमच्या कथाकाराला एवढं कळलं तरी पुरे: प्रियकर भेटायला येत असेल तर सांज लिहावी, एसटी सुटत असेल तर कातरवेळ.

तुमच्या कोशाकडे येतो. असले कोश नवे नाहीत. राजशेखर, कनौजच्या प्रतिहार राजांचा कवी, ज्याच्या पणजोबाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हटलं गेलं, त्याने हजारेक वर्षांपूर्वी काव्यमीमांसेत कवींसाठी हेच काम केलं. त्यात देशविभाग आणि कालविभाग अशी प्रकरणं आहेत: कोणत्या ऋतूत कुठला वारा, कुठली फुलं. त्याने समानार्थी शब्दांच्या माळा ओवल्या नाहीत. ते काम अमरसिंहाच्या अमरकोशाने आधीच केलं होतं आणि उत्तम केलं होतं; 'प्रदोषो रजनीमुखम्' पाठ केलं की श्लोक जुळवायला रात्रीच्या सुरुवातीचे दोन शब्द मिळतात. पण गद्य कथा लिहिणाऱ्याला छंद भरायचा नसतो. त्याला राजशेखराची पद्धत हवी, अमरसिंहाची नको.

म्हणून प्रत्येक शब्दासोबत त्याचं क्रियापद छापा. हे मी ठासून सांगतो, कारण नवे लेखक नाम बरोबर निवडतात आणि क्रियापदात मार खातात. दिवेलागण होते. कडूसं पडतं. तांबडं फुटतं. उन्हं कलतात. वारा सुटतो आणि वारा पडतो. सर येते, झड लागते. 'संध्याकाळने आपली चादर पसरली' असलं काही लिहिण्याची पाळी येते ती 'कडूसं पडलं' हे दोन शब्द माहीत नसल्यामुळे. असे शब्द पर्यायकोशात शोधत बसू नका. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857 ची आवृत्ती घ्या, नाहीतर दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड घ्या आणि पानं उलटा. मोल्सवर्थने नुसत्या आवाजांचे शब्द इतके टिपले आहेत की तुमचं आवाजांचं पान तिथेच भरेल.

सकाळच्या पानावर 'दिवस कासराभर वर आला' घालायला विसरू नका. कासरा म्हणजे बैल धरायचा लांब दोर. क्षितिजापासून तेवढ्या उंचीवर सूर्य आला, म्हणजे उजाडून बराच वेळ झाला पण चटका लागायला अजून अवकाश आहे, औत जुंपलेलं आहे. शेतकऱ्याने हातातल्या वस्तूने आकाश मोजलं आहे, त्यामुळे वेळ, उंची आणि मोजणारा माणूस हे तिन्ही एका शब्दात येतात. समोर 'सकाळी आठ' असा अर्थ मात्र देऊ नका. घड्याळ आलं की बैल गेले.