लॅटिनमधल्या 'क्रातेर'चा अर्थ भांडं की ज्वालामुखीचं तोंड?

दोन्ही. कोशात पहिला अर्थ 'मिसळण्याचं भांडं' दिलेला असतो आणि तिथेच मी अडकलो होतो: मिसळायचं काय? तर वाइन आणि पाणी. ग्रीक लोक वाइन निव्वळ पीत नसत, तसं पिणं रानटीपणाचं समजलं जाई. मेजवानीत मधोमध मोठं रुंद तोंडाचं भांडं ठेवायचं, त्यात वाइनमध्ये पाणी घालायचं आणि त्यातून काढून प्याल्यांत वाढायचं. ग्रीकमधल्या 'मिसळणे' या धातूवरून भांड्याचं नाव पडलं आणि रोमनांनी ते जसंच्या तसं उचललं.

'वाडगा' म्हटलं की आकाराचा अंदाज चुकतो. मला आपलं घंगाळ जास्त जवळचं वाटतं: दोन कड्या, मोठं तोंड, आणि कढत पाण्यात विसण घालायचं तेही त्यातच. फ्रान्समधल्या व्हिक्स गावी १९५३ साली सापडलेलं काशाचं क्रातेर तर १.६४ मीटर उंच आहे, त्यात सुमारे ११०० लिटर मावतात.

आता व्याकरण, कारण खरी फसगत तिथे होते. 'क्रातेर' पुल्लिंगी, षष्ठी 'क्रातेरिस'. पण कवी द्वितीया ग्रीक वळणाने करतात: एकवचनी 'क्रातेरा', अनेकवचनी 'क्रातेरास'. त्यात 'क्रातेरा' असा वेगळा स्त्रीलिंगी शब्दही आहेच! रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात, राणी डिडोच्या मेजवानीत, 'क्रातेरास माग्नोस' ('मोठी क्रातेरं') येतं. मी 'क्रातेरास' स्त्रीलिंगी धरून बसलो आणि शेजारचं 'माग्नोस' पुल्लिंगी का, म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं. तेव्हापासून आधी विशेषण बघतो, मग नाम.

ज्वालामुखीचा अर्थ निव्वळ आकारावरून आला, मिसळण्याचा त्यात मागमूस नाही. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीबद्दल लिहिताना रोमन कवी ल्युक्रेशियस म्हणतो, माथ्यावर जे खळगे आहेत त्यांना तिकडचे लोक 'क्रातेरेस' म्हणतात, आपण 'घसे' आणि 'तोंडं' म्हणतो. म्हणजे त्याच्या कानाला तो शब्द अजून परकाच होता. रोमन वक्ता सिसेरो एका पत्रात नेपल्सच्या आखातालाही 'क्रातेर' म्हणतो. नकाशात बघा, काठ तुटलेल्या भांड्यासारखाच दिसतो तो किनारा. पुढे इंग्रजीतून हाच शब्द आपल्याकडे 'क्रेटर' होऊन आला आणि लोणारच्या सरोवरालाही चिकटला, तिथे तर ज्वालामुखीही नाही, उल्कापाताचा खळगा आहे.

आकाशातलं क्रातेर राहिलंच. त्या नावाचा तारकासमूह आहे, हस्त नक्षत्राच्या शेजारी, वासुकी या तारकासमूहाच्या पाठीवर. रोमन कवी ओव्हिड सांगतो, अपोलो देवाने कावळ्याला पाणी आणायला धाडलं; तो क्रातेर घेऊन निघाला आणि वाटेत अंजिरं पिकायची वाट बघत बसला. मराठीत त्या तारकासमूहाला 'चषक' म्हणतात. चषकातून पितात, क्रातेरमधून वाढतात. माझ्या हातात असतं तर मी 'घंगाळ' ठेवलं असतं.